पिवळ्या फिल्टरपर्यंत

आमच्या फोटोग्राफी क्लबानं माझ्याकडून चार पानं मागितलीत. नव्या मुलांसाठी. निसर्गचित्रणात फिल्टर कसा निवडावा, कसा वापरावा. मॅडम, तुमच्याशिवाय कोण लिहिणार, म्हणाले. मी हो म्हणून बसले. वही उघडली, पिवळा लिहून झाला, नारिंगी झाला, आणि लालशी येऊन हात थांबला तो थांबलाच. चार दिवस झाले. आज म्हटलं, चलो, जे आत अडकलंय तेच लिहून टाकू. क्लबाला मागाहून दुसरं काहीतरी देता येईल. हे तुझ्यासाठी. तू कोण, मला माहीत नाही, आणि तेच बरं आहे. ओळखीच्या एकाही माणसापाशी पन्नास वर्षांत मला हे बोलता आलं नाही. दादा गेला, आई गेली, दोघांच्याही कानावर न घालता मी त्यांना जाऊ दिलं.

आधी तो पिवळ्याचा भाग देते, म्हणजे तुला पुढचं समजेल. मी लिहिलंय ते असं:

'पहिला फिल्टर पिवळा घ्यावा. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर निळं आकाश नुसतं पांढरंफटक येतं, ढग त्यात कुठे हरवले कळत नाही. पिवळी काच लावली की आकाश जरा सावळं होतं, ढग वर येतात, आणि बाकीचं जग जिथल्या तिथे राहतं. माणसांचे चेहरे बिघडत नाहीत. पानं पानांसारखी दिसतात, माती मातीसारखी. काच थोडा उजेड खाते, म्हणून लेन्स एक घर जास्त उघडावी. दिल्लीच्या हिवाळ्यात, धुकं उठल्यावर, अकरा ते एकच्या उन्हात पिवळा लावावा आणि निश्चिंत राहावं.'

बरं लिहिलंय, नाही? हल्ली फिल्टर म्हटलं की पोरं मोबाइलवर गाल गुलाबी करतात. आमच्या वेळी फिल्टर म्हणजे काच. पितळी कड्यातली, लेन्सच्या तोंडावर आट्यांनी बसवायची. आणि तिचा नियम साधा. काच ज्या रंगाची, त्या रंगाची वस्तू फोटोत उजळते. उलट रंगाची काळवंडते. लाल काच निळ्या आकाशाला जवळजवळ काळं करते. हिरवी झाडं काळी. धुरकट हवा कापून टाकते. साधी दुपार वादळासारखी दिसायला लागते. आणि लाल वस्तूला ती —

इथेच. क्लासातही मी इथेच थांबायचे. बावीस वर्षं रविवारचा क्लास घेतला, आणि लाल वस्तूचं काय होतं ते एकाही मुलाला सांगितलं नाही. 'लाल फिल्टर माणसांवर वापरायचा नाही, बिल्कुल नाही,' एवढंच म्हणायचे, जरा जोरातच. एकदा एका मुलीनं विचारलं, का मॅडम? मी तिच्यावर उगाच डाफरले. बिचारी पुढच्या रविवारी आली नाही.

आता वहिनीबद्दल सांगायला हवं.

माझी वहिनी, सरोज, नगरच्या ख्रिस्ती घरातली. दादा दिल्लीला सरकारी नोकरीत, ती त्याच्याच ऑफिसात टायपिस्ट. दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. आई साताऱ्याला असायची. तिला महिनाभर अन्न गोड लागलं नाही, मग एक दिवस तिनं पत्र पाठवलं. सुनेचं नाव बदलायची गरज नाही, ते आधीच आपल्यातलं आहे, म्हणून तिला निम्मा धीर आला होता म्हणे. उरलेल्या निम्म्यासाठी एकच अट: कपाळ कधी मोकळं ठेवायचं नाही. वहिनी हो म्हणाली. हसत म्हणाली. देवाला आतलं दिसतं आणि आईंना बाहेरचं, दोघांचं भागेल, असं तिचं म्हणणं. पण तिच्या वडिलांचं भागलं नाही. लग्न त्यांनी कसंबसं गिळलं होतं. कुंकू लावून मुलगी दारात उभी राहिली तेव्हा मात्र त्यांनी आत ये म्हटलं नाही. तेव्हापासून तिला माहेर नव्हतं. रविवारी चर्चला कुंकू लावून जायची, तिथल्या बायका मागे वळून बघायच्या, आणि ही आपली शांतपणे शेवटच्या बाकावर बसायची.

हे सगळं मला माहीत होतं हे लक्षात ठेव. त्या बोटभर कुंकवासाठी तिनं काय सोडलं होतं, मला पक्कं माहीत होतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. केंद्र सरकारात क्लार्क म्हणून लागले होते आणि आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये दादा-वहिनीकडे राहत होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे एक अंधारी, सामानाची खोली. दादाचा जुना कॅमेरा मी कधी बळकावला त्यालाही कळलं नाही. क्लबात जायला लागले — त्या क्लबात मी एकटी बाई. सामानाची खोली वहिनीनंच मला रिकामी करून दिली. खिडकीला काळा कागद तिनं चिकटवला, दाराचा काळा पडदा तिनं शिवला. तिथे मी फिल्म धुवायची, प्रिंट काढायची. क्लबातून फोटो मोठे करायचा जुना एन्लार्जर मागून आणला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझी म्हणावी अशी एक जागा झाली होती. सहा बाय आठची असेल. आत औषधांचा वास भरून राहायचा आणि मला तो अत्तरासारखा वाटायचा, हसू नकोस.

आणि तो लाल फिल्टर — तोही तिनंच दिलेला. माझ्या वाढदिवसाला. मी कधीतरी बोलता बोलता म्हटलं असेन की आकाश काळं करायला लाल काच लागते. ती लेन्सचा व्यास चिठ्ठीवर लिहून घेऊन बसनं चांदनी चौकात गेली. पहिल्यांदा दुकानदारानं चुकीच्या मापाचा दिला, तर पुन्हा गेली, बदलून आणला. दिवस गेले होते तिला तेव्हा. तिसरा महिना, सकाळी पाणीही ठरत नव्हतं पोटात.

मी तो क्लबात मिरवला. सिन्हासाहेब म्हणून एक वयस्क सभासद होते, फिल्टरमधलं सगळं त्यांच्याकडून शिकले मी. त्यांनी तो उन्हाला धरून बघितला, परत दिला आणि म्हणाले, "इससे किसी औरत की फ़ोटो मत लेना बेटी, बिंदी उड़ जाएगी."

म्हणजे कळलं ना तुला? मला माहीत होतं. आधीपासून. मला कुणी सांगितलंच नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळदा पटवून पाहिलं, पण सिन्हासाहेबांचा तो आवाज अजून कानात आहे.

त्या वर्षी संक्रांतीला दिल्लीतल्या मराठी मंडळींनी पानिपतला जायला बस केली. काला अंबला, जिथे संक्रांतीच्याच दिवशी मराठ्यांची ती लढाई झाली. आम्ही तिघं गेलो. वहिनीला सहावा लागला होता. बसमध्येच बायकांनी तिळगूळ वाटला, हळदीकुंकू केलं. जोशीकाकू म्हणून आमच्या शेजारच्या, त्यांनी वहिनीच्या कपाळावर हे एवढं कुंकू लावलं. पहिलटकरीण आहेस, ठसठशीत असू दे, म्हणाल्या. वहिनी लाजली. हिरवी साडी नेसली होती, वर जाडी शाल. इतकी सुंदर दिसत होती!

सकाळभर धुकं होतं. साडेअकराला उठलं. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, त्यामुळे वर धुतलेलं निळं आकाश, त्यात पांढरे ढग, खाली मोहरीची पिवळी शेतं आणि मध्ये तो स्मारकाचा विटांचा खांब. मंडळी फुलं वाहायला पुढे गेली होती, दादाही त्यांच्यात. मी वहिनीला डाव्या कोपऱ्यात उभं केलं, जवळच, कमरेपर्यंत येईल अशी. एक फोटो विनाफिल्टर घेतला. मग लाल काच चढवली, उजेडाची तीन घरं भरून काढली आणि दुसरा घेतला. तेव्हा मनात काही नव्हतं. खरंच नव्हतं. मी फक्त आकाश बघत होते. एवढं तरी मला म्हणू दे, कारण यापुढे असं काही म्हणता येणार नाही.

दोन दिवसांनी अंधाऱ्या खोलीत दुसऱ्याची प्रिंट काढली. औषधाच्या थाळीत कागद हलवत होते. आधी आकाश आलं, काळंभोर, ढग त्यात नुसते पेटलेले. मोहरीचं शेत पांढरं. खांब एकटा. मग वहिनी आली. हिरवी साडी काळी झालेली. गळा शालीत, म्हणजे मंगळसूत्र झाकलेलं. आणि कपाळ — कोरं. कपाळावर काही नाही. लाल काचेला लाल वस्तू पांढरीच दिसते. अजून थोडा वेळ ठेवून बघितलं, काही आलं नाही.

हसले मी. सिन्हासाहेब बरोबर बोलले, म्हटलं. आणि आकाशाकडे बघत राहिले. असलं आकाश मी कधी काढलं नव्हतं.

आता आईचं. आई फेब्रुवारीत येणार होती. सातव्यात सुनेची ओटी भरायला, आणि मग बाळंतपण उरकूनच परत जाणार होती. सुनेला तिनं अजून नीट पाहिलंही नव्हतं. वहिनी दिवस मोजत होती. माहेर गेलेलं, आता सासूच्या हातून ओटी भरली जाणार. तिच्यासाठी ती साधी गोष्ट नव्हती. आई आली की मी तिच्या कुशीत डोकं ठेवीन गं, असं मला एकदा म्हणालीही. आई कुठे झोपणार? मागच्या खोलीत. दादानं ठरवूनही टाकलं होतं. 'शकू, तुझं ते सगळं सामान काढावं लागेल हं, चार-पाच महिन्यांचा प्रश्न आहे.' मार्चमध्ये क्लबाचं प्रदर्शन होतं. मी तोंड फुगवलं, एवढंच.

आईनं यायच्या आधी फोटो मागितला, पोटुशी सून बघायची आहे म्हणून. दादा म्हणाला, शकू, पाठव एखादा चांगला.

मी तो पाठवला.

का? हे मी हजार वेळा विचारलंय. पहिल्यांदा म्हणायचे, आकाश छान होतं म्हणून. आईला कळू दे आपली मुलगी काय करते ते. आईचं लक्ष आकाशाकडे जाईल. जाईल? माझ्या आईचं? जी बाई दारात आलेल्या भांडीवालीचंही आधी कपाळ बघायची? पुढे काही वर्षं म्हणायचे, मत्सर असेल. मला कावीळ झाली होती तेव्हा आई आली नव्हती, दादा आहे ना तिथे, म्हणून पत्र धाडलं होतं. आता सुनेसाठी सगळं सोडून निघाली. मत्सर म्हटलं की जरा बरं वाटतं, मोठं काहीतरी केल्यासारखं. पण ते तसंही नव्हतं गं. मला ती खोली हवी होती. काळा कागद लावलेली, सहा बाय आठची खोली. आई नाराज होईल, येणं महिनाभर लांबवेल, तेवढ्यात प्रदर्शन होऊन जाईल — इतका हिशेब पाकीट चिकटवताना माझ्या डोक्यात होता. पहिला फोटो, विनाफिल्टरचा, त्याच दोरीवर वाळत होता. त्यात कुंकू होतं, काळ्या टिकलीसारखं स्पष्ट. पाठवायचा तर हात दोन वीत बाजूला न्यायचा होता.

आईचं उत्तर दादाला आलं. निळं आंतरदेशीय पत्र, आत चारच ओळी. पाठ आहेत मला. 'सूनबाईंनी एकच शब्द दिला होता. माझा मुलगा जिवंत असताना, सणाच्या दिवशी, जिथे आपल्या लाखो बायकांची कपाळं उघडी झाली त्या रणावर ही कपाळ पुसून उभी राहिली. माझ्याच्यानं ते बघवत नाही. मी येत नाही.'

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काला अंबला, संक्रांतीला, कोरं कपाळ. आई हे असं बघेल? पण आई दुसरं कसं बघणार होती? साताऱ्याच्या बाईला पानिपताबद्दल आणखी काय दिसणार?

दादानं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. तिला आधी कळेचना. मी लावलं होतं, म्हणाली, काकूंनी लावलं होतं बसमध्ये. दादानं फोटोची दुसरी प्रत आणली, खिडकीशी नेली, भिंग घेऊन पाहिली. जोशीकाकूंना बोलावलं. त्या म्हणाल्या, अगंबाई, लावलं तर होतं मी, शालीनं पुसलं असेल, वारा किती होता. मग दादा माझ्याकडे वळला. मी दारातच उभी होते, काळ्या पडद्यापाशी.

"शकू, फोटो काढताना तू समोर होतीस. होतं का गं कुंकू?"

आणि मी म्हटलं, "मला नाही आठवत, दादा. पुसलं असेल."

हेच ते. एवढंच. पाच-सहा शब्द.

एक वाक्य बोलले असते — दादा, ही लाल काच आहे, हिच्यात कुंकू दिसत नाही, हा बघ दुसरा फोटो — तर दहा मिनिटांत सगळं मिटलं असतं. आई खजील होऊन पुढच्या गाडीनं आली असती. पण मग दादा म्हणाला असता, तुला माहीत होतं तर पाठवलास कशाला? आणि मग खोलीचं सांगावं लागलं असतं. दादानं शालीचं कारण लिहून कळवलं. आईनं उलट लिहिलं की पुसलेलं कळलंही नाही, यातच सगळं आलं.

वहिनी रडली नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, शकू, माझंच चुकलं असेल गं, आरशात बघायला हवं होतं मी. आणि तेव्हापासून तिला एक सवय लागली. घरातून निघताना माझ्यासमोर येऊन उभी राहायची, चेहरा वर करून. बघ गं, आहे ना नीट? मलाच विचारायची, दादाला नाही. तुझी नजर फोटोग्राफरची आहे, म्हणायची. मी म्हणायची, आहे. रोज. किती वर्षं! तू कधी कुणाच्या डोळ्यांत बघून असं 'आहे' म्हटलं आहेस?

खोली मला राहिली. त्याच खोलीत मी तो फोटो मोठा केला, दीड हात रुंद, आणि मार्चमध्ये तो प्रदर्शनात लागला. लोकांनी वाखाणला. आठव्या महिन्यातली वहिनी बसनं बघायला आली. स्वतःच्या त्या कोऱ्या कपाळासमोर बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता कोसळेल. ती म्हणाली, "आकाश किती छान आलंय गं, शकू." मग पर्समधली छोटी डबी काढून बोटानं कपाळावरचं कुंकू आणखी मोठं केलं आणि घरी गेली.

ओटी जोशीकाकूंनी भरली. एप्रिलमध्ये मुलगी झाली, मीनू. कळा अठ्ठावीस तास चालल्या. वहिनी मधूनच आई, आई म्हणत होती, आणि तिला कोणती आई हवी होती, नगरची की साताऱ्याची, कुणास ठाऊक. दोघींपैकी कुणीच नव्हती. मी होते. हात धरून बसले होते. तेव्हा सांगायचं ठरवलं, शपथेवर. दोनदा विनाफिल्टरची प्रिंट पाकिटात घालून साताऱ्याचा पत्ता लिहिला. पण जो दिवस जायचा तो आणखी एक दिवस गप्प राहिल्याचा व्हायचा. शेवटी मी त्या निगेटिव्हचा तुकडा कापून, काळ्या कागदात गुंडाळून लाल फिल्टरच्या डबीत ठेवला आणि डबी कपाटात सर्वांत वर.

आई चौथ्या वर्षी गेली. नातीला न बघता. दादा एकटा गेला. भावकीनं सुनेला आणू नकोस म्हणून कळवलं होतं. वहिनी इथे घरी बसून राहिली, मीनूला मांडीवर घेऊन, कपाळभर कुंकू लावून. तिच्याजवळ जायची माझी हिंमत झाली नाही. मी ऑफिसला निघून गेले. रजा मिळत होती तरी गेले.

लग्न मी केलं नाही. क्लबात नाव झालं, लोक मॅडम म्हणायला लागले. दादा रिटायर झाल्यावर आम्ही फरीदाबादला फ्लॅट घेतला, आणि अकरा वर्षांपूर्वी तो गेला. तेराव्याला वहिनीनं कुंकवाची डबी माझ्या हातात दिली. आईंना दिलेला शब्द हे होते तोवरचा होता, झाला पुरा, म्हणाली. आता आम्ही दोघीच. तिचे डोळे गेलेत. उजेड-अंधार कळतो, बाकी नाही. मी तिला न्हाऊ घालते, जेवू घालते, सकाळी वाचून दाखवते. शेजारणी म्हणतात, नणंद असावी तर अशी. मी ऐकून घेते.

मागच्या हिवाळ्यात मीनू आली होती. बाल्कनीत ऊन आलं होतं. तिनं मोबाइल काढला, आई, इकडे बघ, फोटो काढते. आणि वहिनीचा हात कपाळाकडे गेला. अकरा वर्षं झाली कुंकू सुटून, दिसत काही नाही, तरी बोट गेलंच. भुवयांमध्ये चाचपलं आणि खाली आलं. मीनू हसली, आई, ही तुझी जुनीच सवय गं.

मीनू गेल्यावर वहिनी तिथेच बसली होती, तोंड उन्हाकडे करून. म्हणाली, शकू, तुला एक सांगायचं राहिलंय. मीनू चौथीत असेल तेव्हा. तुझं कपाट आवरत होते, ती लाल काच सापडली. मीच आणलेली ना, म्हणून सहज डोळ्याला लावली. समोर आरसा होता.

"कपाळ साफ कोरं, शकू. काच काढली की आहे, लावली की नाही. मी किती वेळ लावत-काढत बसले होते!"

म्हणजे चाळीस वर्षं. चाळीस वर्षं तिला माहीत होतं. निगेटिव्हचा तुकडा काळ्या कागदात होता, तो तिच्या लक्षात आला नसावा. मग मला बोलली का नाहीस, एवढंच मी कसंबसं विचारलं.

"तुला कशाला सांगायचं? आई तर गेल्या होत्या. तू जन्मभर स्वतःला खात बसली असतीस. नवी काच होती, तुला तरी कुठे माहीत होतं तेव्हा?" आणि मग, माझा आवाज जिथून आला त्या बाजूला मान वळवून, "नव्हतं ना गं माहीत?"

पन्नास वर्षांनी तोच प्रश्न. समोर फक्त ती. दादा नाही, आई नाही, प्रदर्शन नाही, कुठलीही खोली जायची नव्हती. गमावण्यासारखं काय होतं माझ्याकडे? काही नाही. बिल्कुल काही नाही.

मी म्हटलं, "नाही, वहिनी. नव्हतं."

तिनं चाचपडत माझा हात शोधला आणि दोनदा थोपटला. मग म्हणाली, ऊन गेलं, आत जाऊ या. मी तिला आत नेलं, पायांवर रजई घातली, चहा ठेवला.

आता ती पलीकडे पलंगावर बसली आहे. सकाळपासून पेनाची कुरकुर ऐकते आहे. मघाशी विचारलं, काय लिहितेस गं एवढं? मी म्हटलं, क्लबासाठी, फिल्टरबद्दल. म्हणाली, मग वाच की मला. तुझं फिल्टरचं ऐकून किती दिवस झाले.

मी वही घेतली, तिच्याजवळ जाऊन बसले, आणि पिवळ्याचा भाग वाचून दाखवला. आकाश सावळं होतं, ढग वर येतात, माणसांचे चेहरे बिघडत नाहीत. तिनं डोळे मिटून सगळं ऐकलं. छान लिहिलंयस, म्हणाली, पुढे?

मी म्हटलं, एवढंच झालंय.